विकत घेतलेल्या चित्रपटाचं कुलूप

हॉलिवूडच्या डीव्हीडीच्या वेष्टनावर मागच्या बाजूला पृथ्वीच्या गोलाचं लहानसं चिन्ह असायचं आणि त्या गोलात एक आकडा. भारतात विकायच्या चकतीवर तो आकडा ५. अमेरिका आणि कॅनडासाठी १, युरोप आणि जपानसाठी २, आग्नेय आशियासाठी ३, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिकेसाठी ४, चीनसाठी ६. चित्रपट कंपन्यांनी आपल्या सोयीनं जगाची वाटणी केली होती आणि त्या वाटणीत नांदेड जिल्ह्यातलं हिमायतनगर रशिया, अफगाणिस्तान आणि आफ्रिकेतल्या बहुतेक देशांच्या पंगतीला बसलं होतं. न्यू जर्सीतल्या कुणा नातलगानं सुट्टीत येताना आणलेली चकती हिमायतनगरच्या प्लेअरनं नाकारली, तर त्यात चकतीचा दोष नसे आणि प्लेअरचाही नसे. दोघं ठरल्याप्रमाणेच वागत असत.

आकड्याचं हे कुंपण निदान डोळ्यांना दिसत तरी होतं. त्याच्या आत आणखी एक कुलूप होतं, ते वेष्टनावर कुठंही छापलेलं नसे. घरातल्या टीव्हीखालच्या प्लेअरवर ते आपोआप उघडायचं, विंडोजच्या संगणकावर उघडायचं. लिनक्ससारखी मुक्तस्रोत प्रणाली चालवणाऱ्या लॅपटॉपवर मात्र पैसे मोजून घेतलेली, पावती असलेली, एकही ओरखडा नसलेली चकती चालत नसे. या कुलपाचा इतिहास नॉर्वेतल्या एका शाळकरी मुलापासून पॅरिसच्या विद्यार्थी वसतिगृहापर्यंत आणि न्यूयॉर्कच्या न्यायालयापासून दिल्लीच्या संसदेपर्यंत पसरलेला आहे. कायदेशीरपणे विकत घेतलेली वस्तू वापरताना माणसाला कुणाची परवानगी लागावी का, या एका प्रश्नाभोवती तो फिरतो.

चाळीस बिटांची तिजोरी

डीव्हीडी १९९६ च्या नोव्हेंबरमध्ये जपानात बाजारात आली. व्हीएचएस कॅसेटची नक्कल काढली की चित्र पुसट व्हायचं, नकलेची नक्कल तर बघवत नसे. डिजिटल चकतीची शंभरावी नक्कलही पहिलीइतकीच स्वच्छ निघणार होती. स्टुडिओंना हीच भीती होती. संरक्षणाची सोय झाल्याशिवाय आपले चित्रपट या नव्या चकतीवर द्यायचे नाहीत, असं त्यांनी ठरवलं. मात्सुशिता आणि तोशिबा या जपानी कंपन्यांनी मग ‘कंटेंट स्क्रॅम्बल सिस्टिम’ तयार केली. तिचं लघुरूप सीएसएस.

तिची रचना तिहेरी होती. चकतीवरचा प्रत्येक चित्रपट एका किल्लीनं बंद केलेला, ती किल्ली चकतीच्या मुख्य किल्लीनं बंद केलेली आणि त्या मुख्य किल्लीच्या ४०९ प्रती वेगवेगळ्या कुलपांत घालून चकतीच्या एका कोपऱ्यात ठेवलेल्या. परवाना घेणाऱ्या प्रत्येक प्लेअर उत्पादकाला स्वतःची किल्ली मिळे. ती वापरून आपल्या वाट्याची प्रत उघडायची आणि तिथून आत जायचं. परवान्याची पहिली अट म्हणजे गुप्तता. किल्ली कुणाला दाखवायची नाही, कुलूप कसं चालतं हेही सांगायचं नाही.

तिजोरी भारी होती, पण पत्रा पातळ होता. सगळ्या किल्ल्या अवघ्या ४० बिटांच्या होत्या. अमेरिकेत त्या काळी मजबूत संकेतप्रणाली परदेशी पाठवण्यावर सरकारी बंधनं होती आणि ४० बिटांची प्रणाली त्या मर्यादेत बसत होती. ४० बिटांच्या साऱ्या शक्यता मोजल्या तर त्या साधारण १.१ लाख कोटी भरतात. माणसाला हा आकडा अफाट वाटतो, संगणकाला तेव्हाही तो आवाक्याबाहेरचा नव्हता.

लिनक्सची अडचण मात्र या गणिताच्या अलीकडची होती. १९९१ मध्ये फिनलंडचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यानं सुरू केलेल्या या प्रणालीचा सोर्स कोड सर्वांसाठी उघडा असतो. कुणीही वाचावा, सुधारावा, वाटावा. सीएसएसच्या परवान्यात कोड लपवण्याची अट होती आणि लिनक्सच्या परवान्यात कोड दाखवण्याची. एकाच प्रोग्रॅमला या दोन्ही अटी पाळणं शक्यच नव्हतं. शिवाय, स्वयंसेवकांनी मोकळ्या वेळात लिहिलेल्या प्लेअरसाठी परवान्याचे पैसे कोण भरणार?

बेळगाव, पुणे आणि लिनक्सची सीडी

भारतात लिनक्स पसरण्यात एका मराठी नावाचा मोठा वाटा आहे. अतुल चिटणीस यांचा जन्म १९६२ चा, बर्लिनमधला. त्यांनी अभियांत्रिकीची पदवी घेतली ती बेळगावच्या गोगटे तंत्रज्ञान संस्थेतून. पुढे ते बंगळुरात स्थिरावले. इंटरनेट घराघरात नव्हतं, होतं तिथं फोनच्या तारेवरून मुंगीच्या पावलानं चालत होतं. त्या काळात १९९६ च्या मार्चमध्ये ‘पीसी क्वेस्ट’ या मासिकानं अंकासोबत लिनक्सची सीडी दिली. चिटणीस या उपक्रमाच्या केंद्रस्थानी होते. मासिकाच्या किमतीत अख्खी संगणक प्रणाली हातात पडते, हा अनुभव देशातल्या हजारो विद्यार्थ्यांना नवा होता. २००१ पासून त्यांनी बंगळुरात ‘लिनक्स बंगलोर’ परिषद भरवली, तीच पुढे ‘फॉस डॉट इन’ नावानं आशियातल्या महत्त्वाच्या मेळाव्यांपैकी एक झाली. २०१३ च्या जूनमध्ये त्यांचं निधन झालं.

मुंबईत व्यंकटेश हरिहरन आणि प्रकाश अडवाणी यांनी ‘इंडलिनक्स’ उभं करून भारतीय भाषांतल्या लिनक्सचा ध्यास घेतला. पुण्यात लिनक्स वापरणाऱ्यांचा गट होता आणि सिम्बायोसिसच्या संगणकशास्त्र संस्थेत दरवर्षी ‘ग्नूनिफाय’ महोत्सव भरू लागला. रेड हॅट कंपनीच्या पुण्यातल्या कार्यालयात फेडोरा या लिनक्सच्या आवृत्तीचं आणि ग्नोम या तिच्या पडद्यावरच्या रूपाचं मराठीकरण झालं. ‘लोहित’ टंक आला, मेनू मराठीत वाचता येऊ लागले. २००४ च्या ऑक्टोबरात उबुंटू हे लिनक्सचं नवं रूप आलं आणि त्यामागची कंपनी तर मागेल त्याच्या पत्त्यावर सीडी फुकट पाठवू लागली. २०११ पर्यंत ही सोय सुरू होती. पोस्टमन जिथं पोचतो तिथं उबुंटू पोचलं.

तालुक्याच्या गावांत संगणकाची ओळख बहुतेकांना झाली ती एमएस-सीआयटीच्या वर्गात. महाराष्ट्र ज्ञान महामंडळानं २००१ मध्ये सुरू केलेल्या या अभ्यासक्रमानं खेडोपाडीची मुलं संगणकापुढे बसवली, पण तो संगणक प्रामुख्यानं विंडोजचा असे. लिनक्सकडे वळणारा विद्यार्थी त्या वर्गाबाहेर, मासिकातून, मित्राकडून, अभियांत्रिकीच्या वसतिगृहातून शिकत असे. प्रणाली फुकट, व्हायरसचा त्रास जवळजवळ नाही, जुन्या यंत्रावरही चालणारी. सगळं जमलं की तो एखादी चित्रपटाची चकती ड्राइव्हमध्ये घालायचा आणि तिथं अडायचा. पडद्यावर चित्र उमटायचं नाही, उमटलंच तर हिरव्या-गुलाबी चौकोनांचा कालवा.

लार्विकचा मुलगा

याच अडचणीनं १९९९ मध्ये जगभरचे लिनक्सवाले पछाडलेले होते. ‘लिव्हिड’ नावाच्या प्रकल्पात काहीजण लिनक्ससाठी व्हिडिओ प्लेअर लिहीत होते. ड्राइव्हशी संवाद कसा साधायचा हे त्यांना उमगलं होतं, कुलूप मात्र उघडत नव्हतं.

त्या वर्षीच्या ऑक्टोबरात ते उघडलं. नॉर्वेतल्या लार्विक या किनाऱ्यावरच्या गावातला यॉन लेक योहानसेन तेव्हा १५ वर्षांचा होता. जर्मनी आणि नेदरलँड्समधल्या, केवळ इंटरनेटवरून ओळख झालेल्या दोन साथीदारांबरोबर त्यानं ‘डीसीएसएस’ हा छोटा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. झिंग या कंपनीच्या विंडोज प्लेअरमध्ये किल्ली पुरेशी लपवलेली नव्हती. जर्मन साथीदारानं ती शोधली आणि तिथून सारी यंत्रणा उलगडली. योहानसेनचा पहिला प्रोग्रॅम विंडोजसाठी होता, कारण चकतीवरची फाइलव्यवस्था वाचण्याची सोय तेव्हा लिनक्समध्ये पुरेशी नव्हती, असं त्यानं पुढे न्यायालयात सांगितलं. काही दिवसांतच सोर्स कोड जगभर गेला आणि लिनक्सच्या प्लेअरांत उतरला.

त्याच सुमारास फ्रँक स्टीव्हन्सन यानं सीएसएसचं गणिती विच्छेदन प्रसिद्ध केलं. कुलपाच्या रचनेतच अशा चुका होत्या, की १.१ लाख कोटी शक्यता तपासण्याची गरजच नव्हती. योग्य रीतीनं हल्ला केला तर प्लेअरची किल्ली ६५,५३६ प्रयत्नांत सापडते आणि कुठलीही चोरलेली किल्ली हाताशी नसताना चकतीची मुख्य किल्ली त्या काळच्या साध्या पेंटियम संगणकावर काही सेकंदांत मिळते, हे त्यानं दाखवून दिलं. झिंगची चूक झाली नसती तरी हे कुलूप फार काळ टिकलं नसतं.

२४ जानेवारी २००० रोजी नॉर्वेच्या आर्थिक गुन्हे शाखेनं योहानसेनच्या घरावर छापा घातला. त्याचा संगणक नेला. तक्रारदार होते अमेरिकेतले चित्रपट स्टुडिओ आणि डीव्हीडीचे परवाने देणारी संस्था. दोन वर्षांनी आरोपपत्र आलं, २००२ च्या डिसेंबरात ऑस्लोच्या न्यायालयात खटला उभा राहिला. तोवर तो १९ वर्षांचा झाला होता. ७ जानेवारी २००३ रोजी न्यायालयानं त्याला निर्दोष ठरवलं. न्यायालयाचं म्हणणं सरळ होतं. जी चकती माणसानं कायदेशीरपणे विकत घेतली आहे, ती उघडून पाहणं म्हणजे दुसऱ्याच्या मालमत्तेत शिरणं होत नाही. सरकारनं अपील केलं, पुन्हा पूर्ण सुनावणी झाली आणि २२ डिसेंबर २००३ रोजी निकाल तोच राहिला. सरकारनं पुढे जाणं सोडून दिलं.

अमेरिकेतली उलटी वाट

अमेरिकेत कायदा वेगळा होता. १९९८ च्या ‘डिजिटल मिलेनियम कॉपीराइट ॲक्ट’नं कुलूप तोडण्यावर आणि तोडण्याची हत्यारं वाटण्यावर स्वतंत्र बंदी घातली होती. पुढे नक्कल झाली की नाही, हा प्रश्न तिथं दुय्यम होता. २००० च्या जानेवारीत आठ स्टुडिओ ‘२६००’ या हॅकरांच्या त्रैमासिकाचा संपादक एरिक कॉर्ली याच्याविरुद्ध न्यूयॉर्कच्या न्यायालयात गेले. त्यानं डीसीएसएस प्रसिद्ध केलं होतं आणि ते मिळण्याच्या जागांचे दुवेही दिले होते. न्यायाधीश लुईस कॅप्लन यांनी १७ ऑगस्ट २००० रोजी स्टुडिओंच्या बाजूनं निकाल दिला. प्रोग्रॅमच नव्हे, त्याचे दुवे देण्यावरही मनाई आली. पुढच्या वर्षी अपिलातही तेच कायम झालं. प्रोग्रॅम हा अभिव्यक्तीचा प्रकार आहे हे न्यायालयानं मान्य केलं, पण तो एखादं कामही करतो आणि त्या कामावर बंधन घालता येतं, असं ठरवलं.

कॅलिफोर्नियात परवाना संस्थेनं व्यापारी गुपित फोडल्याचा दावा लावला होता. तिथं विलक्षण घडलं. दाव्याचा पुरावा म्हणून संस्थेनं डीसीएसएसचा कोडच न्यायालयाच्या सार्वजनिक कागदपत्रांत जोडला आणि मग तो सीलबंद करावा म्हणून धावाधाव केली. २००४ मध्ये त्या राज्याच्या अपील न्यायालयानं मनाईहुकूम रद्द केला. जे जगजाहीर झालं त्याला गुपित म्हणता येत नाही, हे त्यामागचं कारण.

बंदी घालणाऱ्यांना उत्तर द्यायला गणिती, कवी आणि शिंपीही पुढे आले. कार्नेगी मेलन विद्यापीठाचे प्राध्यापक डेव्हिड टूरेट्झकी यांनी एक प्रदर्शनच उभारलं. कुलूप उघडण्याची रीत साध्या इंग्रजी गद्यात सांगितली तर तीही बेकायदा का? टी-शर्टवर छापली तर? गाण्यात गुंफली तर? सेथ शोएन यानं ती हायकूंच्या लांबलचक मालिकेत बसवली. फिल कार्मोडी यानं २००१ मध्ये १,४०१ अंकांची एक मूळ संख्या शोधली. ती संगणकाला दिली की तिच्यातून डीसीएसएसचा कोड बाहेर येतो. एका मूळ संख्येवर बंदी घालावी का, हा प्रश्न गणिताच्या अभ्यासकांनी पूर्ण गांभीर्यानं विचारला. विचारांची देवाणघेवाण आणि हत्याराची वाटणी यांच्यातली रेघ कुठं ओढायची, हे ठरवणं किती अवघड आहे ते या प्रदर्शनानं कुठल्याही निबंधापेक्षा अधिक स्पष्ट केलं.

पॅरिसची शंकूची टोपी

हिमायतनगरपासून हॅम्बुर्गपर्यंत ज्या प्लेअरचा नारिंगी शंकू ओळखीचा आहे, तो व्हीएलसी पॅरिसच्या एकोल सान्त्राल या अभियांत्रिकी शाळेत जन्मला. तिथल्या वसतिगृहाचं नेटवर्क विद्यार्थीच सांभाळत. ते संथ झालं होतं आणि नवं घ्यायला पैसे हवे होते. वेगवान नेटवर्कची गरज पटवायची तर त्यावरून टीव्ही दाखवू, अशा कल्पनेतून १९९६ मध्ये व्हिडिओलॅन प्रकल्प सुरू झाला. २००१ च्या फेब्रुवारीत शाळेनं तो मुक्त परवान्याखाली खुला करायला संमती दिली.

या प्रकल्पातूनच ‘लिबडीव्हीडीसीएसएस’ हे छोटं ग्रंथालय, म्हणजे इतर प्रोग्रॅमांना वापरता येईल असा तयार कोड, निघालं. त्याचं वैशिष्ट्य असं, की त्याला कुणाची चोरलेली किल्ली लागत नाही. स्टीव्हन्सननं दाखवलेल्या मार्गानं ते चकतीचं कुलूप गणितानं सोडवतं. प्रदेशाच्या आकड्याचा अडसरही त्यानं बऱ्याच वेळा दूर होतो. तो अडसर लॅपटॉपवर अधिक जाचक होता. २००० पासूनच्या ड्राइव्हमध्ये प्रदेशाचा आकडा फक्त पाच वेळा बदलता येई, पाचव्या बदलानंतर तो कायमचा गोठे. भारतात घेतलेल्या ५ क्रमांकाच्या चकतीसाठी आणि १ क्रमांकाच्या अमेरिकी चकतीसाठी एकच ड्राइव्ह वापरणाऱ्या मराठी कुटुंबाची ही मर्यादा दिवाळीच्या एका सुट्टीत संपू शकत होती.

फ्रान्सच्या कायद्यात एका प्रणालीची दुसरीशी सांगड घालण्याला जागा होती, म्हणून हे ग्रंथालय तिथून राजरोस वाटलं गेलं. अमेरिकी कायद्याच्या धाकानं उबुंटू आणि फेडोरासारख्या प्रणालींनी मात्र ते आपल्यासोबत दिलं नाही. चित्रपट पाहायचा तर आधी प्लेअर टाकायचा, मग टर्मिनलची काळी खिडकी उघडून एक आज्ञा द्यायची, इंटरनेटवरून ते ग्रंथालय वेगळं आणायचं. २००८ च्या सुमारास लिनक्ससाठी परवानाधारक, पैसे देऊन घ्यायचे प्लेअरही विक्रीला आले, पण त्यांचा कोड बंद होता. बहुतेकांनी काळ्या खिडकीचीच वाट धरली. शहरात जोडणी वेगवान होती. तालुक्याच्या गावात ते लहानसं ग्रंथालय नांदेडहून कुणीतरी पेनड्राइव्हवर आणून द्यायचं.

मराठवाड्यातली चकती

गावोगाव आधी पसरली ती व्हीसीडी. एका चकतीवर साधारण ७४ मिनिटं मावत, म्हणून एका चित्रपटाला दोन किंवा तीन चकत्या लागत. चित्र कॅसेटच्या दर्जाचं, पण कुलूप अजिबात नाही, प्रदेशाचा आकडा नाही. लिनक्ससकट सगळीकडे ती चाले. भारतीय कंपन्यांच्या अनेक डीव्हीडीही सर्व प्रदेशांसाठी खुल्या असत, कारण तीच चकती आखाती देशांत, लंडनला आणि अमेरिकेतल्या भारतीय किराणा दुकानांत विकायची होती. कुलपाचा जाच मुख्यतः परदेशी चित्रपटांना आणि काही मोठ्या वितरकांच्या चकत्यांना होता.

२००७ मध्ये मोझर बेअर या कंपनीनं बाजार हलवला. रिकाम्या चकत्या बनवणारी ही कंपनी चित्रपटांच्या हक्कांत उतरली आणि व्हीसीडी २८ रुपयांना, डीव्हीडी ३४ रुपयांना विकू लागली. मूळ चकती शेकड्यांत आणि नकली चकती पन्नासाच्या आत, हे तोवरचं चित्र होतं. चोरट्या बाजाराला खरा तडाखा बसला तो या किमतीनं. मूळ माल परवडू लागला तेव्हा गिऱ्हाईकानं नकली माल बाजूला ठेवला.

यातून कुलपाबद्दल एक गोष्ट उघड झाली. कारखान्यात नकली चकत्या छापणाऱ्याला सीएसएस तोडायची गरजच नसते. तो मूळ चकतीवरचा प्रत्येक बिट, कुलपासकट आणि किल्ल्यांसकट, जसाच्या तसा उतरवतो आणि मूळ चकती जिथं चालते तिथं ती नक्कलही चालते. कुलपाची झळ बसली ती मूळ चकती विकत घेऊन वेगळ्या प्रणालीवर पाहू इच्छिणाऱ्याला.

चकतीच्या बाजाराबाहेर मुक्त प्रणाली शाळांतही पोचत होती. २००७ मध्येच रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यातल्या खैरात या पाड्यावर ‘प्रत्येक मुलाला लॅपटॉप’ या जागतिक प्रकल्पाचा भारतातला पहिला प्रयोग झाला. चिमुकल्या शाळेतल्या मुलांच्या हाती फेडोरावर आधारित प्रणालीचे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. त्यांना चकतीचा ड्राइव्हच नव्हता. पुढे आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पानं लिनक्सपासून अनेक मुक्त प्रणालींचे छोटे धडे तयार केले आणि ते मराठीतही ध्वनिमुद्रित केले. हे धडे खुल्या स्वरूपात, कुलपाविना दिले गेले. महाविद्यालयांनी त्यांच्या प्रती काढाव्यात, वाटाव्यात, हीच अपेक्षा होती. ज्ञान देणाऱ्यानं कुलूप न घालण्याचा निर्णय घेतला की खेड्यातल्या विद्यार्थ्याचं काम किती सोपं होतं, याचं हे आपल्याच राज्यातलं उदाहरण आहे.

दिल्लीनं लिहिलेलं कलम

योहानसेनच्या घरावर छापा पडण्याच्या नऊच दिवस आधी, १५ जानेवारी २००० रोजी, भारतात कॉपीराइट कायद्यातली एक दुरुस्ती अमलात आली होती. एका प्रोग्रॅमची दुसऱ्याशी सांगड घालण्यासाठी आवश्यक माहिती इतर मार्गानं सहज मिळत नसेल, तर प्रोग्रॅमच्या कायदेशीर धारकानं ती काढून घेणं हा भंग ठरत नाही, असं तिनं कलम ५२ मध्ये नोंदवलं. त्या वेळी या ओळीकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. लार्विकच्या मुलाचा बचाव ज्या तत्त्वावर उभा राहिला, त्याच्या जवळ जाणारं तत्त्व भारताच्या कायद्यात आधीच येऊन बसलं होतं.

महाराष्ट्रानं २००९ मध्ये कडक पाऊल उचललं. झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले आणि अमली पदार्थांचे गुन्हेगार यांना स्थानबद्ध करण्याच्या १९८१ च्या कायद्यात ‘व्हिडिओ पायरेट’ हा वर्ग घातला. मुंबईच्या चित्रपट व्यवसायाची ही जुनी मागणी होती. या कायद्याचा रोख धंदा म्हणून नकला विकणाऱ्यांवर होता.

डिजिटल कुलपांचा प्रश्न संसदेपुढे आला तो कॉपीराइट दुरुस्ती विधेयकातून. ते २०१० च्या एप्रिलमध्ये राज्यसभेत मांडलं गेलं आणि २०१२ च्या मे महिन्यात दोन्ही सभागृहांत संमत झालं. गीतकार आणि संगीतकारांच्या मानधनाच्या हक्कांमुळे ते गाजलं, जावेद अख्तर यांचं भाषण सगळ्यांच्या लक्षात राहिलं. त्याच विधेयकातलं कलम ६५ अ मात्र चर्चेबाहेर राहिलं. हक्कांच्या रक्षणासाठी लावलेलं परिणामकारक तांत्रिक कुलूप, त्या हक्कांचा भंग करण्याच्या हेतूनं, जो तोडेल त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, असं ते सांगतं.

‘भंग करण्याच्या हेतूनं’ हे त्यातले निर्णायक शब्द आहेत. अमेरिकेनं कुलूप तोडणं हाच गुन्हा मानला, भारतानं कुलूप कशासाठी तोडलं हे विचारलं. पुढचं उपकलम आणखी स्पष्ट आहे. या कायद्यानं जे उघडपणे निषिद्ध केलेलं नाही, अशा कारणासाठी कुलूप ओलांडायला त्याची हरकत नाही. त्यासाठी दुसऱ्याला मदत करणाऱ्यानं त्या व्यक्तीचं नाव-पत्त्यासह पूर्ण टिपण ठेवावं, एवढी अट आहे. संकेतप्रणालीचं संशोधन आणि सुरक्षाचाचणी यांनाही सूट आहे. खासगी वापरासाठीचा न्याय्य व्यवहार कलम ५२ मान्य करतं. हे सगळं एकत्र वाचलं तर स्वतः विकत घेतलेली चकती स्वतःच्या लिनक्स लॅपटॉपवर पाहणाऱ्या माणसाला गुन्हेगार ठरवण्याचा या कायद्याचा इरादा दिसत नाही. डिजिटल कॉपीराइटच्या जागतिक करारात सामील होण्याआधी भारतानं हे कलम स्वतःच्या विचारानं लिहिलं, त्या करारात देश दाखल झाला २०१८ च्या डिसेंबरात. भारतीय कायदेनिर्मितीतल्या समजूतदार कामांत या कलमाची नोंद व्हायला हवी.

शंकूवरची बंदी

२०२२ च्या फेब्रुवारीत व्हीएलसीचं संकेतस्थळ भारतात उघडेनासं झालं. आधीपासून संगणकावर असलेला प्लेअर चालत होता, पण नवी प्रत मूळ ठिकाणाहून घेता येत नव्हती. कारण जाहीर झालं नाही, व्हिडिओलॅनला आपली बाजू मांडायची संधी मिळाली नाही. इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनच्या मदतीनं संस्थेनं ऑक्टोबरात सरकारला कायदेशीर नोटीस दिली आणि नोव्हेंबरच्या मध्याला बंदी उठली. मूळ जागा बंद राहिल्या त्या नऊ महिन्यांत लोक व्हीएलसी भलत्याच ठिकाणांहून उतरवून घेत होते आणि असा प्रोग्रॅम भेसळीचा असण्याचा धोका कितीतरी अधिक असतो. अशी गुप्त बंदी सुरक्षेलाच घातक ठरते.

चकतीचा काळ तोवर ओसरला होता. मोझर बेअरच्या अवसायनाचा आदेश २०१८ च्या सप्टेंबरात निघाला. नव्या लॅपटॉपांतून ड्राइव्ह गायब झाला. चित्रपट मोबाइलवर आला आणि त्याच्यासोबत नवं, कितीतरी मजबूत कुलूप आलं. आता घरात चकती नसते, असते ती फक्त पाहण्याची परवानगी, आणि सेवेनं चित्रपट काढून टाकला की ती परवानगीही जाते. डीव्हीडीच्या वेळी निदान वस्तू हातात होती आणि ती माझी आहे असं न्यायालयात म्हणता येत होतं.

म्हणूनच हातात उरलेल्या चकत्यांकडे आज लक्ष द्यायला हवं. हिमायतनगर, किनवट, हदगाव, उदगीर, अहमदपूर, कुठल्याही गावातल्या कपाटांत लग्नाच्या, शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या, कीर्तनाच्या, गावातल्या कलापथकाच्या चकत्या पडून आहेत. घरी भरलेल्या अशा चकत्यांवरचा रंगाचा थर उन्हानं, दमटपणानं आणि काळानं विटतो आणि एक दिवस त्या वाचता येत नाहीत. या चित्रणांवर सहसा कुलूप नसतं आणि बहुतेकदा ती घरचीच असतात. चालू ड्राइव्ह असलेला जुना संगणक शोधावा, त्यावर लिनक्स टाकावं, चकतीतलं सगळं हार्डडिस्कवर खुल्या स्वरूपात उतरवावं आणि दोन वेगळ्या जागी ठेवावं. गावातल्या वाचनालयांनी आणि महाविद्यालयांनी लोकांना हे शिकवण्याचं काम अंगावर घ्यावं. साधनं फुकट आहेत. ती चालवायला फक्त एक चालू ड्राइव्ह लागतो आणि तो मिळणं दरवर्षी अवघड होत चाललं आहे.